वस्त्रे साताऱ्याची, निवाडा माहुलीचा

डिसेंबर १७७२ ते मे १७७४ या दीड वर्षात पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून तीनदा निघाली. पहिली सतरा वर्षांच्या नारायणरावांना मिळाली. नऊ महिन्यांच्या आत पुण्यात त्यांचा खून झाला. दुसरी वस्त्रे त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्याकडे गेली, आणि खुनाचा संशय होता तो याच चुलत्यांवर. तिसरी वस्त्रे पुरंदर किल्ला चढून गेली. ती होती बापाच्या मरणानंतर जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या बाळासाठी.

तिन्ही वेळा वस्त्रे देणारे छत्रपती एकच, रामराजे. साताऱ्याच्या गादीवर ते बसलेले होते, पण राज्याचा कारभार केव्हाच पुण्याला गेला होता. पुण्याहून मागणी येई आणि साताऱ्याहून वस्त्रे जात. वस्त्रांशिवाय पेशवा होता येत नव्हते हे खरे. तरी मारला गेलेला, मारल्याचा संशय असलेला आणि पोरका झालेला अशा तिघांनाही जी मिळाली, त्या वस्त्रांवरून दौलतीचा खरा धनी कोण हे कसे ठरणार? तो निर्णय दुसऱ्या कुणाला तरी करावा लागला. ज्याने केला, त्याचे गाव साताऱ्याच्या पूर्वेला कोस-दीड कोसावर, कृष्णा आणि वेण्णा जिथे एकमेकींना भेटतात तिथे. गाव क्षेत्र माहुली, आणि माणूस रामशास्त्री प्रभुणे.

रामशास्त्र्यांची गोष्ट आपण लहानपणी शाळेत ऐकतो. बाणेदार न्यायाधीश, गादीवर बसलेल्या पेशव्यालाच देहान्त प्रायश्चित्त सांगणारा. गोष्ट खरी आहे, पण एका वाक्याभोवती ती इतकी आवळली गेली आहे की त्या वाक्यामागचा दीड महिना आणि त्या दीड महिन्यामागची बावीस वर्षे दिसेनाशी झाली आहेत. मला ती वर्षे पुन्हा उलगडून बघायची आहेत.

माहुली ते काशी

माहुली हे साताऱ्याच्या राजघराण्याचे अंत्यसंस्कारांचे ठिकाण. शाहू महाराजांचे दहन इथेच झाले आणि महाराणी ताराबाईंची समाधीही इथलीच. पंतप्रतिनिधींनी बांधलेली देवळे, नदीत उतरणारे घाट, क्षेत्रोपाध्यांची घरे, पर्वणीला लोटणारी गर्दी, अशा या गावात अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत रामशास्त्र्यांचा जन्म झाला. शेजारचा सातारा तेव्हा मराठी राज्याची राजधानी होता. अष्टप्रधान तिथे, सावकार तिथे आणि दाद मागायला आलेले वादी-प्रतिवादीही तिथेच.

मुलाचे लहानपण मात्र विद्येवाचून गेले. साताऱ्यातल्या अनगळ सावकारांच्या वाड्यावर तो शागिर्दी करी. धन्याच्या हातापायांवर पाणी घालताना एकदा त्याची नजर धन्याच्या कानातल्या भिकबाळीच्या मोत्यांवर खिळली आणि पाणी भलतीकडेच पडले, असे परंपरा सांगते. असले मोती घालायला विद्या तरी लागते किंवा तलवार तरी, अशा अर्थाचे बोलणे त्याला ऐकावे लागले. ते त्याच्या जिव्हारी लागले आणि वयाची विशी आलेला हा निरक्षर मुलगा थेट काशीला चालता झाला. ही दंतकथा आहे हे मान्य. पण विशीच्या सुमारास मुळाक्षरांपासून सुरुवात करून पुढे धर्मशास्त्राचा अधिकारी पंडित होणे, हे त्यातले सार सगळेच चरित्रकार देतात.

काशीत धर्मशास्त्र शिकणे म्हणजे नुसते यज्ञयागांचे विधी शिकणे नव्हे. वारसा, वाटणी, दत्तक, कर्ज, ठेव, सीमेचा तंटा, साक्षीची परीक्षा या सगळ्याला शास्त्रात ‘व्यवहार’ म्हणतात. विज्ञानेश्वरांची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हे दक्षिणेतल्या निवाड्यांचे आधारग्रंथ. नीलकंठांचे घराणे मूळचे पैठणचे आणि पुढे काशीत स्थिरावलेले. महाराष्ट्रातून गेलेली विद्या काशीत तासली गेली आणि शास्त्र्यांच्या पडशीतून परत महाराष्ट्रात आली. रामशास्त्री याच वाटेने गेले आणि याच वाटेने परतले.

परतले तेव्हा देशाचा मध्यबिंदूच हलला होता. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले. पुढच्या वर्षी सांगोल्याला करार झाला आणि राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती आला. साताऱ्यातले प्रधान नावापुरते उरले आणि न्याय मागणारी माणसे पुण्याची वाट धरू लागली. १७५१ मध्ये रामशास्त्री पेशव्यांच्या चाकरीत शास्त्री म्हणून रुजू झाले. मुख्य न्यायाधीश बाळकृष्णशास्त्री गाडगीळ वारले, तेव्हा १७५९ मध्ये ती जागा त्यांच्याकडे आली. मधली आठ वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली कागद वाचण्यात आणि साक्षी ऐकण्यात घालवली होती.

करीना, साक्ष, निवाडपत्र

त्या काळचा न्याय कसा चाले हे नीट पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. गावचा तंटा आधी गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे वतनदार असे सगळे एकत्र बसत. वादी तो अग्रवादी, प्रतिवादी तो पश्चिमवादी. सभेचा निर्णय मान्य करू असा राजीनामा दोघेही आधीच लिहून देत आणि जामीन देत. मग प्रत्येकाने आपापला करीना, म्हणजे पहिल्यापासूनची हकीकत, लेखी मांडायची. जुने कागद पुढे यायचे. साक्षीदारांना देवळात किंवा नदीत उभे करून शपथ घालायची. कागद नाही आणि साक्षही नाही अशी अडचण आली, तरच दिव्याची, म्हणजे देवाच्या कौलाने खरेखोटे ठरवण्याची, पाळी येई. शेवटी निवाडपत्र लिहिले जाई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी.

इथे समाधान झाले नाही तर माणूस हुजुरात, म्हणजे पुण्याला, जाई. तिथे शास्त्रीमंडळींपुढे जुने करीने पुन्हा उघडत. रामशास्त्र्यांच्या काळात या हुजूर न्यायाला इतकी प्रतिष्ठा आली की दूरदूरचे वतनदार वर्षानुवर्षांचे दफ्तर घेऊन पुण्यात तळ ठोकत. घरात त्या दिवसापुरती शिधासामग्री असावी, जास्त साठवू नये, हा शास्त्रीबुवांचा नियम होता. ज्याच्या दारात लाखांची वतने लटकलेली, त्याच्या घरात उद्याचे धान्य नाही, हे पक्षकारांना दिसत होते. नजराणा घेऊन आलेल्या माणसाला परत जाण्यासाठी यापेक्षा वेगळे सांगावे लागत नसे.

एक गोष्ट या पद्धतीत नव्हती. सरकारच्या वतीने आरोप मांडणारा वकील नव्हता. आज गुन्ह्याचा तपास पोलिस करतात, आरोप सरकारी वकील मांडतो आणि निकाल न्यायाधीश देतो. त्या काळी मोठ्या गुन्ह्यात ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या अंगावर येऊ शकत. माग काढायचा त्यानेच, आरोप तोंडावर ठेवायचा त्यानेच आणि शिक्षा सांगायचीही त्यानेच. सामान्य तंट्यात हे निभावून जाई. आरोपी गादीवरच बसलेला असला तर मात्र एका माणसाला तीन माणसांचे बळ आणावे लागे.

हे बळ शास्त्रीबुवांकडे आहे याची चुणूक थोरल्या माधवराव पेशव्यांच्या वेळीच दिसली होती. तरुण माधवराव स्नानसंध्येत आणि जपात फार वेळ घालवू लागले आणि कामे खोळंबू लागली. एकदा रामशास्त्र्यांना ताटकळून परत जावे लागले. दुसऱ्या दिवशी ते काशीला जाण्याची परवानगी मागायला हजर झाले. राज्य चालवण्याचा क्षत्रियधर्म पत्करला आहे तर प्रजेचे काम हाच जप, आणि ब्राह्मणाचे कर्मच करायचे असेल तर गादी सोडून माझ्याबरोबर गंगेवर चला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. माधवरावांनी चूक मानली आणि आपला दिनक्रम बदलला. मला यात दोघेही मोठे वाटतात. सांगणाऱ्याने आपली जागा पणाला लावली आणि ऐकणाऱ्याने मान पणाला लावला.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला वारले. धाकटे भाऊ नारायणराव साताऱ्याला जाऊन वस्त्रे घेऊन आले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. गारद्यांचे, म्हणजे भाडोत्री शिपायांचे, पगार थकले होते आणि त्यांच्यात धुसफूस होती.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले होते. दुपारी सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ यांचे गारदी पगाराची ओरड करीत वाड्यात घुसले. नारायणराव पळत चुलत्याच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून जीव वाचवा म्हणून विनवू लागले. रघुनाथरावांचा खिदमतगार तुळाजी पवार याने त्यांना ओढून काढले. चाफाजी टिळेकर हा इमानी सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि धन्याबरोबरच कापला गेला. पुणे सुन्न झाले. संध्याकाळपर्यंत रघुनाथरावांच्या नावाची द्वाही फिरू लागली.

साताऱ्याहून वस्त्रे आणण्यासाठी रघुनाथरावांनी आपले दत्तकपुत्र अमृतराव आणि बजाबा पुरंदरे यांना पाठवले. छत्रपतींनी वस्त्रे दिली. मुत्सद्दी गप्प होते. फौज ज्याच्याकडे त्याला मुजरा करावाच लागतो, असा त्यांचा हिशेब. दरबार भरू लागला आणि कागदांवर नवा शिक्का उठू लागला. रीतसर पाहिले तर प्रकरण मिटले होते.

न्यायाधीशाच्या लेखी ते नुकते कुठे सुरू झाले होते.

दीड महिना

खुनाचा तपास करा असे रामशास्त्र्यांना कोणी सांगितले नव्हते. फिर्यादीही कोणी नव्हता. ज्याने फिर्याद करायची तो मेला होता, त्याची पत्नी गंगाबाई गरोदर आणि त्याच वाड्यात अडकलेली होती. तरी राज्याच्या मुख्य न्यायाधीशाने पेशव्याचा खून झाल्यावर चौकशी करणे हे आपल्या जागेचेच काम आहे, असे शास्त्रीबुवांनी मानले. सुमारे दीड महिना ते माग काढत राहिले.

हा दीड महिना मला देहान्त प्रायश्चित्ताच्या त्या क्षणापेक्षा मोठा वाटतो. क्षणात निर्भय होणे माणसाला कधीकधी जमते. चाळीस-पंचेचाळीस दिवस रोज सकाळी उठून, खुनी मोकळे फिरत असलेल्या शहरात, एकेकाला गाठून विचारणे, जबान्या जुळवणे, कागद शोधणे आणि त्यातला एकही धागा वेळेआधी बाहेर फुटू न देणे, याला वेगळीच छाती लागते. गोतसभेत जे दोन शेतकऱ्यांच्या बांधासाठी करायचे, तेच शास्त्रीबुवांनी इथे केले. करीना, साक्ष आणि कागद. यात भलेबुरे जवळपास पन्नास जण गुंतलेले निघाले. हल्ला करणारे गारदी त्यांत थोडे आणि मसलतीत सामील असलेली पांढरपेशी माणसे जास्त.

शेवटी धागा एका पत्रापाशी आला. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेला तो हुकूम. त्यात नारायणरावांना धरावे असे मूळ लिहिले होते, आणि ‘ध’ खोडून तिथे ‘मा’ केल्याने ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे तपासात पुढे आले. अक्षर रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी बदलले असे लोकपरंपरा मानते. इतिहासकारांत त्याबद्दल एकमत नाही. न्यायाधीशापुढचा प्रश्न मात्र त्याहून साधा होता. हुकूम कोणाचा? तो आपला होता, धरण्यापुरता होता, हे रघुनाथरावांनी कबूल केले.

मग प्रायश्चित्त काय, असे रघुनाथरावांनी विचारले. दानधर्म, तीर्थयात्रा, कृच्छ्र असे काहीतरी ऐकायला मिळेल ही त्यांची अपेक्षा असावी. शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. या पापाला दुसरा उतारा नाही, याच्यासह राज्य केलेत तर तुमचेही बरे होणार नाही आणि दौलतीचेही नाही, आणि तुम्ही गादीवर आहात तोवर मी पुण्यात पाऊल टाकणार नाही, असे त्यांचे सांगणे होते. एवढे बोलून ते उठले.

आणि खरोखरच पुणे सोडून गेले. वाईजवळच्या एका खेड्यात, परंपरा त्याचे नाव पांडववाडी सांगते, ते जाऊन राहिले. पुन्हा कृष्णेच्या काठी, पुन्हा सातारच्या मुलखात. विशीतला मुलगा ज्या खोऱ्यातून काहीच नसताना निघाला होता, तिथे तो उतारवयात सगळे टाकून परत आला.

कलकत्त्याचा कागद

त्याच १७७३ साली लंडनच्या पार्लमेंटने रेग्युलेटिंग ॲक्ट केला आणि त्याने कलकत्त्याला सुप्रीम कोर्ट आले. १७७४ मध्ये इंग्लंडहून न्यायाधीश उतरले. मुख्य न्यायाधीश एलिजा इंपी हे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांचे शाळासोबती. १७७५ च्या मार्चमध्ये महाराजा नंदकुमार यांनी हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप केला. थोड्याच दिवसांत नंदकुमारांवरच एका जुन्या कागदाच्या बनावटीचा खटला उभा राहिला. इंपींच्या कोर्टाने त्यांना फाशी सांगितली आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी ती दिली गेली. बनावट कागदासाठी मरणाची शिक्षा हा इंग्लंडचा कायदा होता. बंगालच्या रयतेला तो ठाऊकही नव्हता.

दोन वर्षांच्या आत हिंदुस्थानात हे दोन खटले झाले आणि दोन्हीकडे मध्यभागी एक वादग्रस्त कागद होता. कलकत्त्याच्या कोर्टाकडे राजाची सनद होती, ज्यूरी होती, छापील कायदा होता, शिक्षा अमलात आणणारे सैन्य होते. तिथे सत्ताधीशावर बोट ठेवणारा फासावर गेला. पुण्याच्या न्यायाधीशाकडे यातले काहीच नव्हते. त्याने बोट सत्ताधीशावर ठेवले. पद्धतींची तुलना करताना आपण कायद्याची पुस्तके आणि कोर्टाच्या इमारती मोजतो. या दोन खटल्यांपुढे ती मोजमापे थिटी पडतात.

निवाडा चालू लागला

शिक्षा अमलात आणायला शास्त्रीबुवांपाशी एक शिपाईही नव्हता. म्हणून त्यांचा निवाडा वाया गेला का? पुढचे सहा महिने याचे उत्तर देतात.

रघुनाथराव मोहिमेवर निघाले आणि सरदार एकेक निमित्त सांगून त्यांच्या छावणीतून परतू लागले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकरावमामा पेठे यांनी मसलत उभारली. बारभाई म्हणून जी ओळखली जाते ती हीच. तिच्यात सातारा-सांगलीच्या मुलखातली मोठी घराणी उतरली. वाईचे रास्ते आले, भवानराव प्रतिनिधी आले, मिरज-तासगावचे पटवर्धन आले, फलटणचे निंबाळकर आले. या घराण्यांची आपसातली वैरे जुनी होती. प्रतिनिधी आणि पेशवे तर दोन पिढ्या एकमेकांवर डोळे रोखून होते. त्यांना एकत्र आणायला राजकारणाचा हिशेब होताच, पण हिशेबाला शब्द न्यायाधीशाच्या निवाड्याने पुरवले. वस्त्रे मिळालेल्या पेशव्याविरुद्ध उठणे म्हणजे बंड. देहान्त प्रायश्चित्त सांगितलेल्या अपराध्याविरुद्ध उठणे हे बंड राहत नाही.

जानेवारी १७७४ मध्ये बारभाईंनी गंगाबाईंना पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला लढाई झाली. रघुनाथराव जिंकले आणि त्रिंबकरावमामा जखमांनी गेले. तरी जिंकलेल्या माणसाला पुण्यात यायची हिंमत झाली नाही. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी साताऱ्याहून वस्त्रे आली आणि सवाई माधवराव पेशवे झाले. साताऱ्याची वस्त्रे आणि माहुलीकर शास्त्र्याचा निवाडा या वेळी एकाच बाजूला होते.

शास्त्रीबुवा परत आले. त्यांची अट पुरी झाली होती. गारद्यांच्या म्होरक्यांचा पाठलाग वर्षानुवर्षे चालला. महंमद इसफ सापडला आणि मारला गेला. हैदरअलीच्या आश्रयाला गेलेले खरगसिंग आणि तुळाजी पवारही पुढे हाती आले आणि त्यांना देहान्त शासन झाले. रघुनाथराव मात्र सुटले. ते इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते संपले आणि १७८३ च्या अखेरीस कोपरगावला रघुनाथरावांचा अंत झाला. गादीपासून दूर, इंग्रजांनी सोडून दिलेले, पेन्शनीवर जगणारे. दौलतीचे बरे होणार नाही असे शास्त्रीबुवा म्हणाले होते. इंग्रजांना पुण्याच्या भांडणात वाट मिळाली ती इथूनच.

तोतया आणि तासगाव

परतल्यावरची दोन प्रकरणे सांगायलाच हवीत, कारण त्यांतून या माणसाची दुसरी बाजू दिसते.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. भाऊ जिवंत आहेत अशी आशा हजारोंच्या मनात होती. त्या आशेवर एक तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्लेदाराने १७७६ मध्ये त्याला कैदेतून सोडले आणि कोकणात त्याच्या झेंड्याखाली फौज जमली. पकडून पुण्याला आणल्यावर रामशास्त्र्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. भाऊसाहेबांना ओळखणारी माणसे समोर आणली गेली, खाणाखुणा पाहिल्या गेल्या, जुन्या गोष्टी विचारल्या गेल्या. हा कनोजकडचा सुखनिधान नावाचा माणूस असल्याचे ठरले आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. नारायणरावांच्या प्रकरणात लोकांची सहानुभूती शास्त्रीबुवांच्या बाजूने होती. इथे एका पत्नीची आणि निम्म्या शहराची आशा उलट्या पारड्यात होती. मोजायचा काटा त्यांनी तोच ठेवला.

दुसरी हकीकत सांगली जिल्ह्यातल्या तासगावची. परशुरामभाऊ पटवर्धन हे तिथले मातब्बर सरदार. त्यांची मुलगी अजाण वयात विधवा झाली. बापाचा जीव तुटला. पुन्हा लग्न करून देता येईल का, असे त्यांनी रामशास्त्र्यांना विचारले आणि शास्त्रीबुवांनी अनुकूल मत दिले, असे सांगितले जाते. घरातल्या बायकांच्या, विशेषतः पत्नीच्या, विरोधामुळे भाऊंनी पाऊल मागे घेतले. विधवाविवाहाचा कायदा व्हायला तेव्हा अजून सत्तर-पाऊणशे वर्षे होती. तो १८५६ चा. ज्या शास्त्राने पेशव्याला मरण सांगायला लावले, त्याच शास्त्रातून आठ-नऊ वर्षांच्या मुलीसाठी वाट निघते, हे शास्त्रीबुवांना दिसले. ती मुलगी त्या वाटेने जाऊ शकली नाही याचे वाईट आजही वाटते.

दक्षिणेच्या वेळचा प्रसंगही असाच आठवला जातो. श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटताना शास्त्रीबुवांचे भाऊ आले. त्यांना जास्त द्यावे असे नाना फडणिसांनी सुचवले. इतर ब्राह्मणांइतकेच त्यांना द्या, भाऊ म्हणून द्यायचे ते मी घरी देईन, असा शास्त्रीबुवांचा निर्णय.

१७८९ मध्ये रामशास्त्री वारले. न्यायाधीशाची जागा अय्याशास्त्री यांच्याकडे गेली.

दोन वाक्प्रचार

तपास, आरोप आणि निकाल ही तीन कामे आज वेगवेगळ्या हातांत आहेत. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ रोजी लागू झाली आणि फौजदारी न्याय देणारे दंडाधिकारी जवळजवळ देशभर उच्च न्यायालयांच्या अखत्यारीत आले. नारायणरावांच्या खुनाला तेव्हा दोनशे वर्षे झाली होती. ही विभागणी योग्यच आहे. प्रत्येक पिढीला रामशास्त्री मिळेल अशा भरवशावर राज्य चालवता येत नाही. त्याच साताऱ्यात १९०१ साली प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर जन्मले. तेही संस्कृत पंडितांच्या घरातले, तेही हिंदू कायद्याचे मर्मज्ञ. मुंबई उच्च न्यायालयातून ते दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांच्या पाठीशी राज्यघटना होती. माहुलीच्या शास्त्र्याच्या पाठीशी फक्त करीने, साक्षी आणि घरात नसलेले उद्याचे धान्य.

म्हणून निकालाच्या अंमलबजावणीचा हिशेब वेगळ्या ठिकाणी पाहावा लागतो. रघुनाथरावांना देहान्त झाला नाही. साताऱ्याहून त्यांच्यासाठी निघालेली वस्त्रे कुठे गेली हे आज कोणी विचारत नाही. पण कागदात कोणी लबाडीने बदल केला की खेड्यातली आजीसुद्धा म्हणते, याने ‘ध’ चा ‘मा’ केला. आणि एखादा माणूस आपल्या माणसाविरुद्धही खरे बोलला की त्याला म्हणतात, याचा रामशास्त्री बाणा आहे. एकाच खटल्याने मराठीला गुन्ह्याचे नाव दिले आणि न्यायाचेही. अडीचशे वर्षे झाली, त्या निवाड्याची बजावणी आपण रोजच्या बोलण्यात करत आलो आहोत.